‘कळवतो’ म्हणाले, आता पुढे काय करायचं?

चाकण, बुधवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तुझा भलामोठा व्हॉइस मेसेज काल सेकंड शिफ्टला ऐकला. फोन केला तर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितोय. ई-मेलनेच धाडतो. पोस्टात टाकलं तर तुझं जॉइनिंग होईल तरी पोचायचं नाही.

सोमवारी इंटरव्ह्यू झाला, एचआरच्या मॅडम ‘दहा दिवसांत कळवतो’ म्हणाल्या, आणि मंगळवारी तुझे मेहुणे म्हणतायत की थेट प्लँट हेडला फोन लाव. लेका, तेवढं करू नकोस. त्यांची ओळख असेल तर ती राखून ठेव, पुढे पगाराचं बोलणं अडलं तर उपयोगी पडेल. आणि त्या मॅडमना रात्री ‘एनी अपडेट?’ असं व्हॉट्सॲप करून निळ्या टिका मोजत बसू नकोस.

मी अलीकडे इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर बसतो, त्यामुळे कागद कसा फिरतो ते बघतोय. आम्ही शीटवर मार्क देतो आणि मोकळे होतो. शीट एचआरकडे, तिथून प्लँट हेडच्या सहीला. पगार ग्रेडच्या वर जात असेल तर हेड ऑफिसची मंजुरी. एवढ्यात कस्टमरचं ऑडिट येतं, किंवा महिनाअखेर येते आणि अख्खा प्लँट डिस्पॅचच्या मागे लागतो. त्या दिवसांत तुझं नावसुद्धा कुणाच्या तोंडी नसतं. मार्चमध्ये तर जागाच पुढच्या वर्षाच्या बजेटवर ढकलतात. तेव्हा उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला, असं समजू नकोस.

आता मेलचं. नुसत्या ‘थँक यू’च्या मेलने कुणाला नोकरी लागल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि नेटवरून उचललेला मजकूर तर आम्हाला दुसऱ्या ओळीलाच कळतो. पण तुझ्याकडे लिहिण्यासारखं आहे. तू म्हणालास, सीपीके आणि पीपीके, म्हणजे माल ठरलेल्या मापात किती नीट बसतो ते सांगणारे दोन आकडे, यांमधला फरक विचारला तिथे तू अडखळलास. मग ते उत्तर मेलमध्ये पुरं कर. चार ओळी पुरेत. सीपीके काढताना सबग्रुपच्या, म्हणजे एका वेळी लागोपाठ मोजलेल्या थोड्या नगांच्या, आतलाच फरक धरतात, पीपीकेमध्ये सगळ्या डेटाचा एकूण फरक येतो. त्यामुळे टूल बदललं, पाळी बदलली, की पीपीके घसरतो आणि सीपीके दिमाखात तिथेच राहतो. आणि दिवाळीत तू मला सांगितलेली ती शिरोलीची भानगड खाली जोड: बोअरचा (भोकाच्या मापाचा) सीपीके १.६७ च्या वर, म्हणजे कागदावर झकास, कस्टमर मात्र रिजेक्शन पाठवतोय, आणि शेवटी निघालं काय, तर दोन पाळ्यांचे सेटर (मशीन लावणारे) ऑफसेट, म्हणजे मशीनवर टूलसाठी भरायची माप-दुरुस्ती, वेगळा ठेवत होते. हे वाचून क्वालिटी हेड शीट परत उघडेल की नाही ते मी छातीठोक सांगत नाही, पण मी तरी उघडली असती.

शेवटी एक ओळ नोटीस पिरियडची: साठ दिवस, बायआउट (पैसे भरून लवकर सुटणं) शक्य आहे की नाही. तू किती दिवसांत येऊ शकतोस, हे आम्हाला नेहमी एचआरला विचारावं लागतं. मेल इंग्रजीतच जाऊ दे, पण ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ नको. मेल मॅडमनाच कर आणि पॅनेलपर्यंत पोचवायची विनंती कर. क्वालिटी हेडचा पत्ता कुठून तरी शोधून काढलास तर ते आगाऊपणाचं दिसतं.

त्यानंतर त्यांनी सांगितलेले दहा दिवस गप्प बस. अकराव्या-बाराव्या दिवशी त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी: अजून इच्छुक आहे, काही कागद हवे असतील तर कळवा. तरी शांतता असेल तर आठवडाभराने एकदा फोन, तोही दुपारी. सकाळी प्रॉडक्शन मीटिंग असते, कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. त्यापुढे नाही.

आतली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे पहिल्या नंबरचा माणूस पुष्कळदा येतच नाही. ऑफर लेटर घेतो, जुन्या कंपनीत दाखवतो, तिथे पगार वाढवून घेतो, आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. मग एचआर जुनी यादी काढते आणि दुसऱ्याला फोन लावते. अशा वेळी महिन्यापूर्वी नीट दोन ओळी लिहिलेला माणूस आधी आठवतो. चारदा फोन करून कटकट केलेलाही आठवतो म्हणा, पण वेगळ्या कारणाने.

आणि एक. मॅडमनी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि यूएएन (पीएफचा नंबर) मागितला म्हणून पेढे वाटू नकोस. तो फक्त पगार ठरवायचा भाग असतो. ऑफर लेटर हातात येऊन त्यावरचा आकडा आणि तारीख नीट वाचेपर्यंत राजीनामा टाकायचा नाही, आणि बाकीचे इंटरव्ह्यूही चालू ठेवायचे. कुणी डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले तर समज की तो कंपनीचा माणूसच नाही. तशा मेलवर लोगो मात्र अगदी झकास असतो.

मेल आज रात्री लिही आणि आधी मला पाठव, डोळ्यांखालून घालतो. उद्या पाठवायची घाई नको. इकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, मेल तळाला जाईल. शुक्रवारी दहाच्या सुमारास जाऊ दे.

काका-काकूंना नमस्कार सांग. आणि वहिनींना म्हणावं, चाकणला खोलीचं भाडं मी विचारून ठेवलंय, पण ते आकडे ऑफर लेटर आल्यावरच सांगीन.

तुझा,
सुन्या