डिबेट कोण जिंकलं हे नेटकऱ्यांवर सोडू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत ज्या प्रायमरी डिबेट होतात, त्यांच्या बातम्या आता मराठी दैनिकांतही ठळकपणे येतात. कमला हॅरिस, निकी हेली, विवेक रामस्वामी अशी भारतीय मुळं असलेली नावं रिंगणात उतरल्यापासून तर जास्तच. याचा मला आनंदच आहे. तक्रार आहे ती त्या बातम्यांतल्या एका सवयीबद्दल. डिबेट संपून बारा तास होत नाहीत तोच ‘नेटकऱ्यांच्या मते अमुक विजयी’ असं छापून येतं. खाली तीन-चार ट्विट, गूगलवर कोणाचं नाव सर्वाधिक शोधलं गेलं त्याची एक ओळ, आणि झालं जनमत. मी आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं. हे वाचून गप्प बसवत नाही.

२७ जून २०१९ ची मायामीतली डेमोक्रॅटिक पक्षाची डिबेट घ्या. शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवण्याच्या जुन्या धोरणाला पूर्वी केलेल्या विरोधावरून हॅरिस यांनी जो बायडन यांना धारेवर धरलं. त्या बसमधून शाळेत जाणारी एक छोटी मुलगी मीच होते, असं त्यांनी सांगितलं. लगेच त्यांच्या खात्यावर त्यांचा लहानपणीचा फोटो आला, काही तासांत तो छापलेले टी-शर्ट विक्रीला आले. ट्विटरवर बायडन त्या रात्रीच संपले होते. मतदान चाचण्यांतही हॅरिस वर गेल्या, हे खरं. पण ती वाढ टिकली नाही. ३ डिसेंबरला, म्हणजे एकाही राज्यात मतदान होण्याआधी, त्यांनी माघार घेतली.

आणि बायडन? प्रत्येक डिबेटनंतर इंटरनेटवर त्यांची टर उडवली जात होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजी साउथ कॅरोलायनात मतदान झालं. तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. तीन दिवस आधी त्यांच्यातले जुने, वजनदार खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा जाहीर केला होता. बायडन यांना जवळजवळ निम्मी मतं मिळाली आणि सगळी शर्यत फिरली. चर्चमध्ये भेटणाऱ्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलून मत बनवणाऱ्या तिथल्या वयस्क बायका डिबेटच्या रात्री हॅशटॅग चालवत बसलेल्या नव्हत्या. पण मतदार त्याच होत्या.

हे का होतं, ते साध्या गुणाकारातून कळतं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी जनमत पाहणी संस्थेने २०१९ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेतले सुमारे २२ टक्के प्रौढ ट्विटर वापरत होते आणि त्यांनी लिहिलेल्या ट्विटपैकी ८० टक्के त्यांच्यातल्या फक्त १० टक्क्यांची होती. म्हणजे हजार प्रौढांमागे बावीस माणसं. आपण जनमत म्हणून छापतो तो आवाज मुख्यतः या बाविसांचा. उरलेले नऊशे अठ्ठ्याहत्तर जण एक तर ट्विटरवर नाहीत, किंवा असूनही फारसं लिहीत नाहीत. पारावर जो सर्वांत मोठ्याने बोलतो त्याच्या तोंडून गावाचं मत कळत नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

प्यूने २०१२ मध्ये चाचणी आणि ट्विटर यांची थेट तुलनाही केली होती. ती ओबामा-रॉम्नी यांच्या पहिल्या डिबेटची, म्हणजे प्रायमरीतली नव्हे, पण मुद्दा तोच. चाचणीत ६६ टक्के लोक रॉम्नी सरस ठरले म्हणाले, ओबामांच्या बाजूने फक्त २०. ट्विटरवर कौल देणाऱ्या मजकुरात मात्र ओबामा ५९ आणि रॉम्नी ४०. चित्र पार उलटं.

‘पण लाखो लोक बोलतात, एवढा मोठा आकडा चुकीचा कसा असेल?’ असं विद्यार्थी दरवर्षी विचारायचे. त्यांना मी १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीची गोष्ट सांगायचो. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या, आणि त्यांच्या जोरावर रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी आल्फ लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. चाचणीकार जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी माणसं विचारली होती आणि विजेता बरोबर सांगितला होता. नमुना वाकडा असेल तर तो मोठा केल्याने सरळ होत नाही.

गूगलच्या शोधाचा आकडा तर आणखी फसवा. ३० जुलै २०१९ च्या डेट्रॉइटमधल्या डेमोक्रॅटिक डिबेटमध्ये ५० पैकी ४९ राज्यांत सर्वाधिक शोधलं गेलेलं नाव उमेदवार असलेल्या लेखिका मॅरियन विल्यमसन यांचं होतं. अपवाद फक्त मोंटानाचा, कारण तिथले गव्हर्नर स्टीव्ह बुलक मंचावर होते. विल्यमसन पुढच्या डिबेटला पात्रसुद्धा ठरल्या नाहीत. लोक नाव शोधतात ते बहुधा ‘ही बाई कोण?’ या प्रश्नापोटी. त्यात पाठिंबा किती आणि कुतूहल किती, हे त्या आकड्यातून कळायची सोय नाही.

२३ ऑगस्ट २०२३ च्या मिलवॉकीतल्या रिपब्लिकन डिबेटनंतर आपल्याकडे रामस्वामींचं जे कौतुक झालं, ते आठवत असेलच. माझ्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर ते जिंकल्यातच जमा होते. त्या ग्रुपमधले निम्मे जण पुण्या-साताऱ्याचे आणि न्यू जर्सीत राहणारे बरेचसे अजून व्हिसावर, म्हणजे तेही मतदार नव्हेत! त्याच रात्रीच्या आधी आणि नंतर त्याच मतदारांना विचारून वॉशिंग्टन पोस्ट हे दैनिक, फाइव्हथर्टीएट हे निवडणूक विश्लेषणाचं संकेतस्थळ आणि इप्सॉस ही चाचणी संस्था यांनी जी चाचणी घेतली, तीत दुसरे उमेदवार रॉन डिसँटिस २९ टक्क्यांवर पहिले आणि रामस्वामी २६ टक्क्यांवर दुसरे होते. ट्रम्प तर मंचावर आलेच नव्हते. त्यांची टीव्ही निवेदक टकर कार्लसन यांनी घेतलेली मुलाखत एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) त्याच वेळी लागली आणि तिच्यापुढे वीस कोटींहून अधिक ‘व्ह्यूज’चा आकडा झळकला. पोस्ट नुसती डोळ्यांसमोरून सरकली तरी तो आकडा वाढतो, हे किती बातम्यांनी सांगितलं? पुढे १५ जानेवारी २०२४ ला आयोवातल्या पक्षांतर्गत मतदानात ट्रम्प ५१ टक्के मतं घेऊन जिंकले. रामस्वामी ७.७ टक्क्यांसह चौथे आले आणि त्याच रात्री थांबले.

यात उमेदवारांचा स्वार्थही असतो. डिबेटमध्ये उभं राहायचं तर पक्ष अनेकदा देणगीदारांची ठरावीक संख्या मागतात. २०१९ मध्ये डेमोक्रॅट्सनी आधी ६५ हजार मागितले, मग १ लाख ३० हजार. २०२३ मध्ये रिपब्लिकनांची पहिली अट ४० हजारांची होती. ती पुरी करायला नॉर्थ डकोटाचे तेव्हाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. एक चटपटीत वाक्य, त्याची तीस सेकंदांची क्लिप, क्लिपखाली देणगीची लिंक: वाक्यं आता याच हिशेबाने आधीपासून घोटून येतात. ऑनलाइन ‘पोल’ची गत त्याहून वाईट. २०१४-१५ मध्ये अशा पोलमध्ये ट्रम्प यांच्यासाठी फेरफार करायला पैसे मोजले होते, हे त्यांचेच माजी वकील मायकेल कोहेन यांनी २०१९ मध्ये मान्य केलं.

न्यूयॉर्कचं उदाहरण माझ्या विरोधात जातं, तेही सांगायला हवं. महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत जून २०२५ मध्ये बहुतेक चाचण्या माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो पुढे असल्याचं सांगत होत्या. इंटरनेटवर मात्र झोहरान ममदानी गाजत होते. १२ जूनच्या डिबेटमध्ये नाव चुकीचं उच्चारणाऱ्या कुओमोंना त्यांनी आपल्या नावाचं स्पेलिंग सुनावलं, ती क्लिप घराघरांत गेली. अखेर पसंतीक्रमाच्या मतमोजणीच्या अंतिम फेरीत ममदानी ५६ विरुद्ध ४४ टक्क्यांनी जिंकले. इथे इंटरनेटने उत्साहाची तीव्रता बरोबर दाखवली आणि हजारो स्वयंसेवकांनी तो उत्साह दारोदार नेला. तीव्रता कळण्यासाठी सोशल मीडिया जरूर पाहावा. पण किती लोकांना तसं वाटतं, हे त्यातून मोजता येत नाही आणि बातमीत आपण नेमकं तेच मोजल्याचं भासवतो.

माझी विनंती मोठी नाही. २०२८ च्या उमेदवारीसाठीच्या डिबेट सुरू होतील तेव्हा नेटकऱ्यांच्या प्रतिक्रिया छापाव्यात, पण त्या कोणाच्या, कुठून आलेल्या आणि त्या माणसाला मत आहे की नाही, हे शेजारी असावं. त्यांच्यावरून विजेता ठरवणारा मथळा नसावा. शास्त्रशुद्ध चाचणी दोन दिवसांनी येते. तोवर ‘कोण काय बोललं’ एवढीच बातमी पुरेशी आहे. शक्य झाल्यास मिशिगन, न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये नागरिक झालेल्या आपल्या दहा-बारा वाचकांना फोन करून त्यांचं म्हणणं सविस्तर छापावं. तोही प्रातिनिधिक नमुना नव्हे, आणि तसं स्पष्ट लिहावं. पण निदान ती माणसं प्रत्यक्ष मत देणारी असतील.

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र अध्यापक, सांगली