ड्रायर शीट गव्हाच्या पिंपात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ड्रायर शीटच्या घरगुती उपयोगांवर मजकूर आला होता: करपलेली भांडी निघतात, कुबट वास जातो, किडे पळतात. त्यातल्या 'किडे पळतात' या दोन शब्दांनी आमच्या घरात जो घोळ झाला, त्यासाठी हे पत्र.

आधी सांगते, वस्तू मला परकी नाही. गेल्या दिवाळीला मुलगा डेट्रॉइटहून आला, तेव्हा सुनेने याचा एक अख्खा खोका आणला. दिसायला पांढरा पातळ कागद, पण ते न विणलेलं पॉलिस्टरचं कापड असतं, हाताला जरा मेणचट लागतं. तिकडे कपडे वाळवायच्या यंत्रात ओल्या कपड्यांबरोबर हे टाकतात. गरम झालं की वरचा लेप सुटून कपड्यांना लागतो, कपडे मऊ राहतात आणि एकमेकांना चिकटून तडतडत नाहीत. कॉनरॅड गेझर नावाच्या गृहस्थांना १९६९ साली याचं पेटंट मिळालं. आमच्याकडे कपडे वाळवायचं यंत्र म्हणजे गच्ची. त्यामुळे खोका सरळ माझ्या शिलाई मशीनच्या खणात गेला.

मी गावभागात तीस वर्षं ब्लाउज शिवते. हुक लावताना, तुरपाई करताना पॉलिस्टरच्या दोऱ्याला पीळ पडतो आणि बरोबर शेवटच्या चार टाक्यांना गाठ बसते. आम्ही पूर्वी दोरा मेणबत्तीवरून ओढायचो. पण मेण जास्त झालं की इस्त्री फिरवताना रेशमावर डाग उठायचा, आणि गिऱ्हाईक काही मेणबत्तीला बोलत नाही, आपल्यालाच बोलतं. आता सुईत दोरा ओवते आणि सुई या शीटमधून एकदा आरपार काढते. गुंता खरंच कमी होतो. एक शीट मला दोन महिने पुरते. भारी कापड असेल तर आधी चिंधीवर बघावं, कारण हाही लेप तेलकटच आहे.

दुसरा खरा उपयोग फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेतला. सिंथेटिक साडी परकराला चिकटून पायात घोटाळते, तेव्हा परकरावरून शीट एकदा फिरवली की साडी सुटते. टीव्हीचा पडदा बंद करून पुसला तर धूळ लगेच परत बसत नाही. टॉवेलला मात्र लावू नका, पाणी टिपेनासा होतो.

करपलेल्या भांड्याचं म्हणाल, तर मी दूध लागलेली दोन पातेली शेजारी शेजारी ठेवली. एकात पाणी आणि शीट, दुसऱ्यात पाणी आणि खायचा सोडा. सकाळी सोड्याचं आधी निघालं. शिवाय शीटच्या पातेल्याला इतका वास, की त्यात पुन्हा दूध तापवायला मन धजेना.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी होतं. तेव्हाच्या एका ट्रंकेला अजून कुबट वास येतो. तिच्यात शीट ठेवली. आठवडाभर सुगंध, मग दोन्ही वास एकत्र! ट्रंक उन्हात टाकण्याला पर्याय नाही.

आता किड्यांचं. मुलाने फोनवर शोधून सांगितलं, की कॅन्सस राज्य विद्यापीठातल्या संशोधकांचा यावरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी शीट तपासली ती कुंडीतल्या ओल्या मातीत वाढणाऱ्या चिलटांवर, आणि ती चिलटं दूर राहिली. त्या शीटमध्ये त्यांना लिनालूल नावाचं वासाचं द्रव्य सापडलं. आपल्या मसाल्यातल्या धन्यांच्या वासातही मुख्य तेच असतं. म्हणजे गोष्ट कुंडीतल्या चिलटांची. आपल्या मजकुरात यातलं काही नव्हतं, नुसतं 'किडे पळतात'.

ह्यांनी ते वाचलं आणि मी बाहेर गेलेली बघून वर्षाच्या गव्हाच्या पिंपात थराथरावर सहा शीट घातल्या. मी घातलेला कडुनिंबाचा पाला काढून टाकला, वर मलाच सांगितलं की पाल्याचा कचरा होतो. तीन आठवड्यांनी पिंप उघडलं तर साबणाच्या दुकानात शिरल्यासारखं झालं. सोंडे होतेच, तेही सुवासिक.

हे लेप खाण्यासाठी नसतात. लहान मुलं, मांजरं यांच्यापासूनही शीट लांब ठेवावी. मांजराने चाटलं तर तोंडात जखमा होऊ शकतात. असा मजकूर पुन्हा छापलात तर 'धान्यात व भांड्यात वापरू नये' एवढी ओळ ठळक टाकावी, ही विनंती. आणि वापरून झालेली शीट बागेच्या खतात टाकायला कुणी सांगू नये, पॉलिस्टर कुजत नाही.

गहू तीन दिवस गच्चीवर उन्हात पसरले, चाळले, परत पसरले. मग पाच किलो गिरणीत पाठवले. गिरणीवाल्याने डब्याचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि डबा ह्यांच्याच हातात परत दिला. म्हणाला, "काका, सांगतो, काकू रागावतील, पण हे मी दळत नाही. पुढच्याच्या पिठाला वास लागंल."

– शिवणकाम करणारी एक वाचक,
गावभाग, सांगली