ज्याच्या हातात गुण, आधी त्याला नियम

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात पदव्युत्तर वर्गांना शिकवते आणि पीएचडी करणाऱ्यांना मार्गदर्शन करते. आमच्याकडे कॉलेज दुपारी सुटतं, कॉलेजचा व्हॉट्सअॅप ग्रुप मात्र सुटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत सोय म्हणून काढलेले हे ग्रुप आता शिक्षणाचा कणा झाले आहेत. वर्गाचा एक, विषयाचा एक, गाइडच्या, म्हणजे पीएचडी मार्गदर्शकाच्या, विद्यार्थ्यांचा एक, शिवाय कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या संशोधकांचे वेगळे. वेळापत्रक, नोट्स, शंका, सिनॉप्सिसवरची (संशोधनाच्या आराखड्यावरची) चर्चा, सगळं तिथेच. पाटण खोऱ्यातल्या एखाद्या मुलीची एसटी चुकली तर तिचा तास बुडतो. ग्रुपमधून ती बाहेर पडली तर तिचं शिक्षणच अडतं.

या ग्रुपमध्ये कसं वागायचं याची राज्यभर लागू होणारी आचारसंहिता करावी, ती विद्यार्थ्यांना सोबत घेऊन करावी आणि तिचा पहिला जाच आम्हा शिक्षकांना व्हावा, एवढं मागण्यासाठी हे पत्र आहे.

एक प्रसंग सांगते. एमएस्सी पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विषयाच्या ग्रुपवर मराठीत विचारलं, ‘टी-टेस्ट कधी वापरायची आणि अ‍ॅनोव्हा कधी?’ दोन्ही संख्याशास्त्रातल्या चाचण्या, प्रश्न अगदी रास्त होता. पीएचडीचे कितीतरी विद्यार्थी इथेच अडखळतात. एका सीनियरचं उत्तर आलं, ‘आधी टीवायचं स्टॅट वाचून या,’ म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचं संख्याशास्त्र. त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि त्यातला एक चेहरा एका शिक्षकाचा होता. प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. सकाळी ती ग्रुप सोडून गेल्याची करड्या अक्षरांतली ओळ तेवढी दिसली. पुढे ती शंका विचारायला स्टाफरूममध्ये येऊ लागली. दारात थांबायची, आत दुसरं कोणी नाही ना हे बघायची आणि मग वही उघडायची. सीनियर पोरं टवाळी करतातच, तिला आवर घालता येतो. पण शिक्षकाने हसून शिक्का मारला की टवाळीचा रिवाज होतो.

दुसरी गोष्ट याद्यांची. शिष्यवृत्तीची यादी ग्रुपवर पडते तेव्हा तिच्यात नाव, प्रवर्ग, मोबाइल नंबर आणि कधी कधी गुणही असतात. कोणाची जात कोणती आणि कोणाला किती कमी गुण, हे दोन मिनिटांत सगळ्या वर्गाला कळतं. मुलींना अनोळखी नंबरांवरून मेसेज सुरू होतात ते वेगळंच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण यादी टाकणाऱ्या कारकुनाला किंवा प्राध्यापकाला तो कोणी समजावून सांगितलेला नसतो.

कायदे नाहीत असं मी म्हणत नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, रॅगिंगविरोधी विनियम २००९ चे आहेत. लैंगिक छळाविरुद्धचे २०१५ चे आहेत. त्यात तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची आहे. तक्रार निवारणाचे विनियम २०२३ चे आहेत आणि त्यानुसार विद्यापीठात लोकपाल नेमायचा असतो. पण हे सगळं गुन्हा म्हणावा इतकं बिघडल्यानंतर कामी येतं. रात्री साडेअकराला ‘ड्राफ्ट कुठे आहे?’ आणि सकाळी सगळ्यांसमोर ‘ब्लू टिक दिसतेय, उत्तर नाही’ असं लिहिणारा गाइड यातल्या कुठल्या कलमात बसतो? तो बसत नाही आणि विद्यार्थी मात्र वर्षानुवर्षं धाकात राहतो.

कल्पनांच्या चोरीचंही तसंच. वाङ्मयचौर्याचे २०१८ चे विनियम साम्याच्या टक्क्यांवर चालतात. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, ४० पर्यंत असेल तर दुरुस्ती, ६० पर्यंत असेल तर एक वर्षाची बंदी आणि त्यापुढे नोंदणी रद्द. सॉफ्टवेअर वाक्यं जुळवून बघतं. ग्रुपवर विश्वासाने मांडलेली प्रयोगाची कल्पना दुसऱ्याने आपल्या शब्दांत लिहून आधी छापली, तर ते काहीही पकडत नाही. त्यामुळे हुशार विद्यार्थी आता ग्रुपवर काही मांडतच नाहीत. जिथे विचारांची देवाणघेवाण व्हायला हवी तिथे सणांच्या शुभेच्छा आणि वेबिनारच्या लिंका उरतात. संशोधनाचं यात झालेलं नुकसान कुठल्याही अहवालात दिसणार नाही. ते मला सर्वात मोठं वाटतं.

आचारसंहिता नावाचा कागद बहुतेक कॉलेजांकडे असतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात ती विचारली जात आली आहे, म्हणून कॉलेजच्या संकेतस्थळावर ती असते. गणवेश, ओळखपत्र, ७५ टक्के हजेरी आणि ‘सोशल मीडियाचा गैरवापर करू नये’ अशी एक ओळ. गैरवापर म्हणजे काय, तो ठरवायचा कोणी आणि तक्रार कोणाकडे करायची, याबद्दल अक्षर नाही.

‘ग्रुप अ‍ॅडमिनला जबाबदार धरा’ हा सोपा उपाय पुरणार नाही. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणावर गुन्हा लावता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे आणि ते योग्यच आहे. फौजदारी जबाबदारी नको. पण जो अ‍ॅडमिन गाइडही आहे, अंतर्गत गुण देतो आणि प्रगती अहवालावर सही करतो, त्याच्यावर शैक्षणिक जबाबदारी हवीच. त्याने ग्रुपवर कामाच्या वेळेतच लिहावं, कोणाची उणीव सर्वांसमोर काढू नये, ग्रुपमधून काढायचं तर कारण लेखी द्यावं. हे नियमात आलं तर विद्यार्थी त्याकडे बोट दाखवू शकेल. आज त्याच्याकडे बोट दाखवायलाही काही नाही.

तक्रारीच्या वाटेबद्दल कळकळीने लिहिते, कारण सगळी संहिता इथेच फसेल. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठ पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. आता चौघांच्या ग्रुपमधून निनावी तक्रार गेली, तर ती निनावी राहील कशी? संध्याकाळपर्यंत गाइडला नाव कळतं. त्यात तक्रार कॉलेजच्याच समितीकडे गेली तर समितीतले लोक त्याच गाइडसोबत डबा खाणारे असतात. म्हणून सातारच्या तक्रारी सांगलीच्या किंवा कोल्हापूरच्या समितीने ऐकाव्यात आणि त्यांच्या साताऱ्याच्या समितीने. समितीत निवडून आलेला संशोधक विद्यार्थी असावा. तक्रार चालू असताना गाइड बदलून घेण्याची सोय असावी आणि त्यापायी विद्यार्थ्याची नोंदणीची मुदत किंवा फेलोशिप अडू नये. एवढं नसेल तर तक्रार करा असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगू धजणार नाही.

एका गोष्टीची मला भीती वाटते आणि ती आपल्यासमोर मांडणं माझं कर्तव्य आहे. अशी संहिता तोंड बंद करायला वापरली जाऊ शकते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं, कारण ‘त्रासदायक’, ‘आक्षेपार्ह’ अशा सैल शब्दांत काहीही कोंबता येत होतं. तसे शब्द इथे पुन्हा येऊ नयेत. ‘संस्थेची प्रतिमा मलिन करणे’ हे कलम तर चुकूनही नको. वसतिगृहाच्या जेवणाबद्दल, रखडलेल्या निकालाबद्दल किंवा माझ्या व्याख्यानातल्या चुकीबद्दल विद्यार्थ्याने ग्रुपवर लिहिलं तर तो त्याचा हक्क आहे. मताचे वाभाडे काढा, माणसाचे काढू नका, ही रेघ उदाहरणं देऊन स्पष्ट आखावी. जात, गाव, बोली, कपडे, इंग्रजीचे उच्चार आणि प्रोफाइलवरचे फोटो हे रेघेच्या पलीकडे, असं नावानिशी लिहावं.

अशी संहिता कशी करावी याचा एक चांगला नमुना आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये सर्व भाषांतल्या संपादकांसाठी एक आचारसंहिता जाहीर केली. तिच्या अंमलबजावणीचे नियम सदस्यांच्या मतदानाला ठेवले. २०२२ मध्ये बहुमत मिळालं, तरीही आलेल्या हरकती बघून काही भाग पुन्हा लिहिला आणि २०२३ मध्ये पुन्हा मतदान घेतलं. बहुमत हातात असूनही त्यांनी थांबून ऐकलं. आपल्याकडे परिपत्रक वरून येतं, खाली सही होते आणि फाइल बंद होते. या वेळी तसं होऊ नये.

एकत्र राहण्याचे नियम करणं आणि ते आधी स्वतः पाळणं ही गोष्ट साताऱ्याला नवी नाही. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी इथे वसतिगृह काढलं, त्याचं १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथे एका पंगतीत जेवली आणि एकत्र राबली. त्या काळात हे आपोआप घडलं नाही. एकत्र राहायचे नियम होते आणि ते घालून देणारे स्वतः पाळत होते. आजच्या पोरांचं बोर्डिंग मोबाइलमध्ये आहे.

तेव्हा विनंती अशी: कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतले विद्यार्थी, संशोधक, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांची एक मसुदा समिती नेमावी. निम्म्या जागा विद्यार्थ्यांना द्याव्यात, त्यात मुली आणि ग्रामीण कॉलेजांची मुलं असावीत. मसुदा आधी मराठीत काढावा, इंग्रजी नंतर. हरकतींसाठी परीक्षेचा काळ सोडून दोन महिने द्यावेत, कारण ऐन परीक्षेत मागवलेल्या हरकती येत नाहीत. पहिली सुनावणी साताऱ्यात ठेवली तर माझे विद्यार्थी बोलायला येतील, जागेची आणि चहापाण्याची व्यवस्था आम्ही करू.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका, सातारा