तक्त्यात न बसणारे तास

महोदय,

आपल्या अंकातल्या प्रवासाच्या तक्त्यात मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर दिले आहे, हे मान्य. पण प्रवासाला 'इतके तास' असा एकच आकडा सांगू नये. जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात, येताना त्याहून कमी. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते परतीला पाठीशी असतात. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच.

चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर मी लंडनला मुलाकडे गेले. डिचोलीहून पहाटे चारला निघून मोपा विमानतळ, मग मुंबई. तिथे पाच तास खुर्चीत, मांडीवर नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा! (सुनेने उघडला तेव्हा निम्म्या फुटलेल्या, तळाशी खोबऱ्याचा चुरा.) हे तास कोणत्या रकान्यात भरायचे?

— एक निवृत्त शिक्षिका, डिचोली