गिअरबॉक्स उतरवू न देणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका,
सा. न.

आज सकाळी तेलगळती कळावी म्हणून गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा ओढून पाहिला. सलग आठवा दिवस, आणि कोरडा! म्हणून लगेच लिहायला बसलो.

माझी गाडी वडिलांनी घेतलेली, २७ वर्षांची. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खाली तेलाचा थेंब जमायचा. तुमच्याआधी दोघांनी एकच सांगितलं होतं: क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवा. माझ्या मनाची तयारी झालीच होती. तुम्ही मात्र पाना उचलायच्या आधी विचारलंत, "इंजिन धुतलंय का कधी?"

नव्हतं धुतलं. वर्षानुवर्षांच्या तेलकट काळ्या थरात ताजी गळती कोणाला दिसणार? तुम्ही ते स्वच्छ केलंत, तेलात चमकणारा रंग मिसळलात आणि दोन दिवस गाडी चालवायला सांगितलंत. मग अंधारात निळा-जांभळा दिवा धरलात. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून एक हिरवट-पिवळी रेघ ब्लॉकवरून ओघळत थेट त्या थेंबापर्यंत गेली होती. तेल वरून खाली उतरतं, धावत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, हे तुम्ही सांगितलंत, आणि समोर दाखवलंतही. कव्हरखालचं रबरी पॅकिंग काढताना काडीसारखं तुटलं.

तिथे थांबला असतात तरी मी खूश झालो असतो. पण "हे आत्ताच का फुटलं?" असं म्हणत तुम्ही पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारी झडप, काढून कानाजवळ हलवलात. आवाज नाही. चांगला असता तर आतला सुटा भाग खुळखुळला असता. पिस्टनच्या बाजूने खाली उतरणाऱ्या वायूला बाहेर पडायची वाटच बंद, मग तो दाब सगळ्यात कमजोर जोडातून तेल ढकलणारच. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर काही महिन्यांनी दुसरं सील गळलं असतं, आणि मी पुन्हा गिअरबॉक्सपाशी आलो असतो.

आणखी एक. गळती दिसली की बोल्ट आवळायचे, ही माझी जुनी सवय. तुम्ही माझ्या हातातून पाना घेतलात, ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा टॉर्क पाना दिलात. जास्त आवळलं की कव्हरची कड वाकते आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहते. पत्र्याच्या कव्हरची ती वाकलेली कड बोटाने चाचपून पाहायला लावलीत, ते मी विसरणार नाही.

मोठं काम आपणहून हातात येत असताना तुम्ही ते नको म्हणालात. त्याबद्दल मनापासून आभार.

पुठ्ठा तिथेच ठेवलाय, कोपऱ्यात तारीख लिहून. महिना झाला की दाखवायला घेऊन येतो, तुम्ही सांगितलं होतंत तसं.

तुमचा ऋणी