‘पित्ताचं डोकं’ पित्तामुळे उठत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र तोंडावर आले की कोल्हापुरातल्या औषध दुकानांत एक वाक्य रोज ऐकू येते : ‘पित्तानं डोकं उठलंय बघा, चार गोळ्या काढून द्या.’ डोक्याची एकच बाजू ठणकत असते, उजेड-आवाज नकोसा होतो, मळमळते, शेवटी उलटी होते आणि मग डोके उतरते. ‘पित्त पडलं, डोकं थांबलं’ हा अनुभव खराच आहे. त्यावरून काढलेला अर्थ मात्र उलटा आहे. असे दुखणे बहुतेक वेळा अर्धशिशीचे, म्हणजे मायग्रेनचे असते. ते मेंदूत सुरू होते, पोट नंतर बिघडते.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. अटॅक चढत असताना जठराची हालचाल मंदावते आणि गोळी तिथेच पडून राहते. आधी ॲसिडिटीची गोळी, मग कडक चहा, मग ‘जरा पडून बघू’ असे करत दोन तास जातात, आणि त्यानंतर घेतलेली वेदनाशामक गोळी लागू पडत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी दुखणे हलके असतानाच, पूर्ण मात्रेत घ्यायची असते. मळमळ असेल तर सोबत डोम्पेरिडोनसारखे औषध देतात, ते जठरालाही चालना देते.

रक्तवाहिन्या फुगतात म्हणून डोके ठणकते, एवढेच स्पष्टीकरण अनेक वर्षे दिले जाई. १९४४ मध्ये अरिस्टिडिस लिआओ यांनी सशाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर मिनिटाला काही मिलिमीटर अशी संथ सरकणारी एक लाट नोंदवली. तिच्या मागे पेशी काही काळ गप्प होतात. काहींच्या डोळ्यांपुढे दुखण्याआधी नागमोडी चमकत्या रेषा सरकतात, त्यामागे हीच लाट असल्याचे मानले जाते. १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी अटॅकच्या वेळी मानेच्या शिरेतल्या रक्तात सीजीआरपी नावाचे प्रथिन वाढलेले दाखवले. या प्रथिनाचे काम अडवणारे पहिले इंजेक्शन अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. लाटेचा निरोप वेदनेच्या चेतातंतूपर्यंत पोहोचतो कसा, हे कोडे होते. २०२४ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात दिसले, की लाटेनंतर मेंदूभोवतीच्या द्रवातली प्रथिने बदलतात आणि तो द्रव थेट चेहऱ्या-डोक्याच्या वेदना वाहून नेणाऱ्या चेतागाठीपर्यंत वाहतो.

घरात सर्वांत उपयोगी पडेल असा अभ्यास २०१६ चा आहे. एकाच रुग्णाच्या मेंदूचे ३० दिवस रोज स्कॅन केले, तेव्हा दुखणे सुरू होण्याआधीच्या २४ तासांत हायपोथॅलॅमसचे काम बदललेले आढळले. भूक, झोप, तहान सांभाळणारा हा भाग. म्हणून आदल्या दिवशी जांभया येतात, मान धरते, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते. मग पेढा खाल्ला, दुसऱ्या दिवशी डोके उठले, की दोष पेढ्यावर! ती इच्छा हीच कित्येकदा अटॅकची सुरुवात असते. ‘सायनस’चेही तसेच. २००४ च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत सायनसचे डोके दुखते असे सांगणाऱ्या ८८ टक्के लोकांची लक्षणे मायग्रेनची निघाली.

उपवासात अर्धशिशी उठते ती उपाशी राहण्याने, पहाटे अंबाबाईच्या दर्शनरांगेसाठी झोप मोडल्याने, पाणी कमी पडल्याने आणि रोजच्या चहाची वेळ चुकल्याने. उपवास धरायचाच असेल तर दर तीन-चार तासांनी फराळ घ्यावा, पाणी पीत राहावे, चहाची वेळ बदलू नये.

आता त्या चार गोळ्यांबद्दल. पाकिटाची मागची बाजू वाचा. अर्गोटामिन १ मिग्रॅ, कॅफिन १०० मिग्रॅ, पॅरासिटॅमॉल २५० मिग्रॅ असे मिश्रण असेल, तर ती साधी डोकेदुखीची गोळी नव्हे. अर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळते. गरोदरपणात, हृदयविकारात, अनियंत्रित रक्तदाबात ते चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकासोबत घेतले तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अशा मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (मायग्रेनसाठीच्या खास गोळ्या) महिन्यात १० दिवस, साध्या वेदनाशामक गोळ्या १५ दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. सकाळी उठल्याउठल्या रोज जड डोके ही तिची ओळखीची खूण.

महिन्यात किती दिवस डोके दुखले, किती दिवस गोळी घेतली, हे मोजायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरे. डोके दुखले त्या तारखेला गोल, गोळी घेतली तर आत फुली, पाळीच्या दिवसांना रेघ. तीन महिन्यांची पाने डॉक्टरांना दाखवा. महिन्यात चार किंवा अधिक गोल असतील तर प्रतिबंधक औषधाचा विचार होतो : प्रोप्रॅनोलॉल (दमेकऱ्यांना नाही), ॲमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन. त्यांचा गुण कळायला किमान आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ती सोडली जातात, याचे फार वाईट वाटते.

डोळ्यांपुढे रेषा चमकणाऱ्या स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळी घेण्याआधी हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. या प्रकारात मेंदूच्या पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो, इस्ट्रोजेनयुक्त गोळी आणि तंबाखूचा धूर तो आणखी वाढवतात. आणि क्षणार्धात शिगेला गेलेली डोकेदुखी, ताप व मान आखडणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांतले काहीही दिसले तर गोळी मागायला दुकानात येऊ नका. रुग्णाला थेट रुग्णालयात न्या. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली, तरी तपासणी लांबवू नका.

आपला,
एक औषधनिर्माता
राजारामपुरी, कोल्हापूर