जवारी, चौसष्ट लहरींत

पुणे, रविवार रात्र

प्रिय मंद्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या आजीच्या मिरजेच्या तंबोऱ्याची तार परवा रात्री दीड वाजता माझ्या ब्लोफेल्ड सिंथेसायझरमधून वाजली. शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली, ती मी समेवर धरली.

तू विचारलंस, सरळ सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाजच, टाकायचं सोडून हा उपद्व्याप कशाला? अरे, जवारीसाठी! घोडीवरच्या दोऱ्यामुळे तार छेडली की एकेक हार्मोनिक, म्हणजे स्वरात दडलेला वरचा स्वर, उजळतो, विझतो. स्वर तोच, रंग मात्र सरकत राहतो. वेव्हटेबल तेच करतं: एकेका आवर्तनाच्या लहरी ओळीने मांडायच्या आणि वाजवताना त्यांतून फिरायचं. हॅम्बर्गच्या वोल्फगांग पाल्मने आपल्या पीपीजी कंपनीच्या सिंथेसायझरांत ही युक्ती आणली, पुढे ब्लोफेल्ड बनवणाऱ्या वाल्डॉर्फने चालवली. सॅम्पलमध्ये रंग आपल्याच चालीने सरकतो, इथे ती चाल माझ्या बोटांत.

ब्लोफेल्डला ६४ लहरी लागतात, प्रत्येकी १२८ बिंदूंच्या; बिंदू म्हणजे लहरीच्या उंचीचा एकेक आकडा. तुझ्या रेकॉर्डिंगमधल्या, काळी एकमध्ये लावलेल्या जोडाच्या तारेचं एक आवर्तन भरतं सुमारे ३१८.२ बिंदूंचं. त्या .२ ने दोन शनिवार खाल्ले! पूर्णांकावर कापलं की सांध्यावर करकर. शेवटी कातरी टाकली, फुरिएच्या गणिताने प्रत्येक हार्मोनिकचा जोर तेवढा मोजला आणि लहरी नव्याने बांधल्या. सगळ्यांची फेज, म्हणजे लहर कुठून सुरू होते ते, सारखीच ठेवली, नाहीतर एका लहरीवरून दुसरीवर जाताना आवाज अडखळतो.

मग सिसेक्स, म्हणजे मिडीच्या तारेवरून सिंथेसायझरला डेटा पाठवायचे निरोप. प्रत्येक बिंदू २१ बिटांचा, सात-सात बिटांच्या तीन तुकड्यांत पाठवायचा. ऋण आकडे मी चुकीच्या पद्धतीने लिहिले होते, त्यामुळे लहर शून्य ओलांडताच थेट टोकाला उडी मारायची. साधी साइन पाठवली तर मिक्सर फिरल्यासारखा आवाज! हेडफोन फेकलाच मी. चूक सापडली तेव्हा ती एका ओळीची निघाली. आता ६४ निरोप मिडीच्या तारेवरून आठेक सेकंदांत जातात.

तंबोरा झाला का? नाही. चार तारा एकमेकींत मिसळून जो धूर होतो, तो एका लहरीत मावत नाही. पण नॉब हळू फिरवला की मधेच गंधार डोकावतो, आणि तेवढ्यासाठी सगळं माफ.

आता पंचमाची तार एकटी रेकॉर्ड करून पाठव. आणि या वेळी पंखा बंद कर, बाबा. आजींना नमस्कार सांग, पण त्यांच्या तंबोऱ्याचं मी काय केलंय ते इतक्यात सांगू नकोस.

तुझा,
अव्या